एलिट डेंजरसमधील कृत्तिका साठ प्रकाशवर्षे अलीकडे का आहेत?

रात्रप्रवासी (प्रश्न)
नमस्कार. एलिट डेंजरस या अंतराळप्रवासाच्या संगणकीय खेळाच्या नकाशात कृत्तिकांतील मेरोपी हा तारा सूर्यापासून सुमारे ३८० आणि माइया हा तारा सुमारे ३८३ प्रकाशवर्षांवर आहे. प्रत्यक्षात मात्र आता कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर मानल्या जातात. जानेवारी २०१६ मध्ये खेळातील परग्रहवासी थार्गॉइडांचे पहिले बार्नॅकल (त्यांची सजीव रचना) मेरोपीपाशीच सापडल्यामुळे, कथानकाच्या सोयीसाठी निर्मात्यांनी हा तारकासमूह मुद्दाम अलीकडे आणला, असे आमच्या गटातील काहींचे मत आहे. खेळाचा काळ आपल्यापेक्षा १२८६ वर्षे पुढचा असल्याने तेवढ्या अवधीत तारेच सरकले असतील, असे इतरांना वाटते. यांपैकी कोणता तर्क ग्राह्य धरावा?

ध्रुवमत्स्य
तारे सरकल्याचा तर्क आकडेमोडीत टिकत नाही. कृत्तिका सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात आहेत, म्हणजे मुळात दिशाच उलटी आहे. शिवाय या वेगाने १२८६ वर्षांत त्या एका प्रकाशवर्षाचा जेमतेम चाळिसावा भाग कापतील. साठ प्रकाशवर्षे जवळ येण्यासाठी प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे विसाव्या भागाइतका वेग लागेल.

जुनी दुर्बीण
माझ्या मते कथानकाचाही येथे संबंध नाही. खेळातील सुमारे ४०० अब्ज तारकाप्रणालींपैकी दीड लाखांच्या आसपास खऱ्या तारकासूचींतून घेतलेल्या आहेत आणि उरलेल्या 'स्टेलर फोर्ज' ही संगणकीय यंत्रणा रचते. खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला, तर ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या गाइया उपग्रहाची पहिली निरीक्षणे सप्टेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे निर्मात्यांच्या हाताशी मुख्यतः १९८९ मध्ये त्याच कामासाठी सोडलेल्या हिप्पार्कोस उपग्रहाची सूची होती, आणि तिच्यात कृत्तिकांचे अंतर कमी आले होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून काढलेले अंतर त्याहून बरेच अधिक येत असल्याने खगोलशास्त्रज्ञांत यावरून अनेक वर्षे वाद चालला. २०१४ मधील रेडिओ दुर्बिणींच्या मोजणीने आणि नंतर गाइयाने मोठ्या अंतराच्या बाजूने कौल दिला.

पुरावा आपल्या प्रश्नातच आहे. हिप्पार्कोसच्या २००७ च्या सुधारित सूचीत मेरोपीचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून जेवढा सरकलेला दिसतो तो कोन; तो जितका लहान तितका तारा दूर) ०.००८५८ विकला आहे; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ३.२६ ला या संख्येने भागले की ३८० प्रकाशवर्षे येतात, आणि माइयाच्या ०.००८५१ विकलांवरून ३८३! एका विकलेच्या जेमतेम हजाराव्या भागाच्या चुकीने संपूर्ण तारकासमूह एवढा अलीकडे येतो, हे मला खेळातील कोणत्याही गूढाहून अधिक विलक्षण वाटते.

रात्रप्रवासी
मनःपूर्वक आभार. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे जाहीर झाल्यावर निर्मात्यांनी खेळात बदल केला, तसा येथे का केला नाही?

जुनी दुर्बीण
ट्रॅपिस्ट-१ च्या वेळी त्या जागेजवळ सात ग्रहांची प्रणाली स्टेलर फोर्जने आधीच रचलेली होती, त्यामुळे एकाच प्रणालीला नवे नाव देऊन तिचे तपशील सुधारणे पुरेसे होते. कृत्तिका हलवायच्या तर त्यांच्याभोवतीची स्थानके, बार्नॅकलच्या जागा आणि खेळाडूंचे ठरलेले मार्ग असे सारेच हलवावे लागेल. ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते, कारण २०१४ मध्ये आपल्याला आकाश किती ठाऊक होते, याची ती नोंद आहे. कल्पनेचे वैचित्र्यच हवे असेल, तर खेळातील माइयाजवळचे कृष्णविवर पाहावे; प्रत्यक्ष निरीक्षणांत तेथे असे काहीही आढळलेले नाही.