आईचा दमा : इनहेलरच्या जोडीला आयुर्वेदिक औषधे द्यावीत का?

नमस्कार. माझ्या ६८ वर्षांच्या आईला दम्याचा त्रास आहे. पावसाळी, ढगाळ हवा सुरू झाली की पहाटे तिला धाप लागते, आणि मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसल्यावरच थोडा आराम पडतो. चरकसंहितेत श्वासाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील तमकश्वासाच्या, म्हणजे दम्यासारख्या विकाराच्या, वर्णनाशी हे पुष्कळच जुळते.

बुडेसोनाइडचा इनहेलर सकाळ-संध्याकाळ चालू आहे. श्वासनलिकांची सूज तोच आटोक्यात ठेवतो, त्यामुळे तो बंद करण्याचा विचार मुळीच नाही. मात्र अडुळशाचा काढा, सितोपलादी चूर्ण आणि ज्येष्ठमध जोडीला द्यावे, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. माझी खरी काळजी ज्येष्ठमधाची आहे. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ज्येष्ठमध बरेच दिवस पोटात गेल्यास रक्तदाब वाढू शकतो, शिवाय शरीरातील पोटॅशियमही कमी होऊ शकते. कनकासव हे दम्यावरचे आयुर्वेदिक औषधही कोणीतरी सुचवले होते, पण त्यात धोतरा असतो, त्याने डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि आईला काचबिंदू असल्यामुळे ते मी बाजूलाच ठेवले.

आपल्यापैकी कोणी वैद्य आणि छातीचे डॉक्टर, दोघांनाही पूर्ण कल्पना देऊन असे एकत्र उपचार घेतले आहेत का? पीक फ्लो मीटरवरील (श्वास किती जोराने बाहेर सोडता येतो ते मोजणाऱ्या उपकरणावरील) आकड्यांत फरक पडला, की केवळ कफ सुटून बरे वाटले? रक्तदाब असलेल्या रुग्णाला वैद्यांनी ज्येष्ठमधाऐवजी काय दिले, हेही कृपया सांगावे.