मदत हवी आहे: खोलीचा कॅमेरा, भिंतीवर चित्रच येत नाही

खटपट्या: खिडकी काळ्या कार्डशीटने झाकली, भोक पाडलं. बाहेरचं उलटं चित्र दिसायला हवं ना? नुसता पांढरा डाग येतो. धाकटा रडकुंडीला आलाय, थोरली मोबाइल घेऊन बसली आहे. काय चुकतंय? लवकर सांगा.

टिपकागद: भोक केवढं? भिंत किती लांब? खिडकी कुठल्या दिशेला? किती वाजता केलंत?

खटपट्या: पेन्सिलीने पाडलं, 7 मिमी असेल. भिंत 4 मीटरवर. वेळेचा काय संबंध?

रिकामा_खोका: खोली कशाला अडवता? बुटांच्या खोक्याला सुईने भोक, मागे बटरपेपर. दहा मिनिटांत काम.

टिपकागद: खोक्यात चौघं एकदम कशी बघणार? खटपट्या, डाग गोल आहे का? सरकतो का?

खटपट्या: गोल, चारेक सेंमी. हळूहळू वर चढतोय. संध्याकाळ आहे, खिडकी पश्चिमेला.

टिपकागद: मग कॅमेरा चालू आहे! तो डाग म्हणजे सूर्याचीच प्रतिमा. सूर्य खाली जातो तसा डाग वर चढतो. तिच्या झगमगाटात बाकी चित्र बुडतं. सकाळी करा: ऊन समोरच्या झाडांवर हवं, खिडकीवर नको. 7 मिमीतून 4 मीटरवर उजेड फारच थोडा पोचतो. भोक 12-15 मिमी करा, पांढरी चादर दीड मीटरवर ताणा. चित्र लहान होईल, पण वीस-तीसपट उजळ. कडांच्या फटी टेपने बुजवा. अंधारात दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात कोणी मोबाइल उघडला की डोळे पुन्हा पहिल्यापासून.

भिंगरी: त्यापेक्षा भोकावर +1 नंबरच्या चष्म्याची काच लावा, भोक 25 मिमी, चादर बरोबर 1 मीटरवर. चित्र रेखीव येतं.

टिपकागद: चालेल, पण काच उन्हात ठेवून जाऊ नका, कागद पेटेल. आणि तिच्यातून सूर्याकडे कोणीही बघायचं नाही.

रिकामा_खोका: चादरीवरचा फोटो उलटा फिरवला तरी पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. ट्रेसिंग पेपर ताणून मागून फोटो काढा, मग फिरवल्यावर सरळ वाचता येतात. थोरलीला हेच काम द्या: मोबाइल स्टँडवर, एक्स्पोजर 10 सेकंद.

नवखा42: भिंतीवरचे टेपचे डाग कशाने जातात?

खटपट्या: टेप खिडकीला लावलाय हो, भिंतीला नाही. ट्रेसिंग पेपर नाही, बटरपेपर चालेल?

रिकामा_खोका: पळेल. सुरकुत्या पडू देऊ नका.