मदत हवी आहे: अभंगाचा चौथा चरण गळेकाढू होतोय

पंचवटीतल्या जुन्या वाड्यातल्या थंडीच्या सकाळीवर 'मोठा अभंग' या छंदात कविता चालू आहे. चार चरणांची अक्षरं 6-6-6-4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, जोडाक्षर एकच अक्षर धरलंय.

तांब्याच्या बंबात
धुमसे गोवरी
धूर माळ्यावरी
आठवण

गोची शेवटी आहे. 'आठवण' नेमका चार अक्षरांचा, म्हणून आयता येऊन बसतो आणि बंब-गोवरीने दाखवलेलंच पुन्हा सांगतो. 'रेंगाळला' घातलं तर चित्र टिकतं. पण प्रत्येक कडवं क्रियापदावर संपलं की चाल एकसुरी होते (अभंगात हे फार लवकर कानाला खुपतं).

पाच वर्षांच्या पोराच्या उंचीवरून दिसेल अशी एखादी चार अक्षरी वस्तू सुचवाल का? 'आजी', 'माया', 'ऊब' नकोत.