मदत हवी आहे: शाळेतल्या तपासणीनंतर सरकारी चष्मा कसा मिळवायचा?

नमस्कार. माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तपासून तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे डोळ्यांत थेंब घालून नंबर काढला: उजवा उणे दीड, डावा उणे चार. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पोरगी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो, पण आम्हाला 'आला की कळवू' एवढंच सांगतात. दोन्ही डोळ्यांत इतका फरक असताना थांबायची भीती वाटते, कारण या वयात डावा डोळा कायमचा आळशी होऊ शकतो, म्हणजे नंतर चष्मा लावूनही त्याला नीट दिसत नाही. पाठपुरावा कुणाकडे करावा, पथकातल्या डॉक्टरांकडे की थेट जिल्हा रुग्णालयात? नंबर वाढला तर पुन्हा चष्मा देतात का? कुणी नुकताच घेतला असेल तर कृपया सांगा.