मदत हवी आहे: आई पांढरीफटक पडलीय, बी-१२ कमी निघालंय

आई ६१ वर्षांची, शुद्ध शाकाहारी. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, शिवाय पित्तासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल. गेले काही महिने ती पांढरीफटक दिसतेय, त्यात हलकी पिवळी झाक. शेजारच्या काकू कावीळ ठरवून मोकळ्या झाल्या.

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, आत लाली जवळजवळ नाहीच. जीभ मात्र लालबुंद, गुळगुळीत. साधं वरण तिखट लागतं. हिमोग्लोबिन ७.९, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ११४, बी-१२ फक्त १२०. थायरॉइड आणि फेरिटिन (लोहाचा साठा) ठीक. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) २.१, पण बहुतेक इनडायरेक्ट, म्हणजे लिव्हरमध्ये प्रक्रिया होण्याआधीचं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर बरं आहे. बी-१२ नसल्यामुळे लाल पेशी अस्थिमज्जेतच फुटताहेत, पिवळेपणा त्याचा.

पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी तिला कळत नाही. मला जास्त काळजी याचीच वाटते. नातेवाईक बीट, खजूर आणि आयर्न-फॉलिकच्या गोळ्या सुचवताहेत. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत आणि एंडोस्कोपीही सांगितलीय. बी-१२ कमी होण्यामागे आहार आणि मेटफॉर्मिन-पॅन्टोप्राझोलच्या गोळ्याच असतील तर एंडोस्कोपी कशाला? इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतात का?

प्रतिसाद:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. आईंच्या मोठ्या झाल्यात (एमसीव्ही साधारण ८० ते १०० असतो). त्यामुळे बीट-खजूर खाऊ देत, पण त्याने हे भरून निघणार नाही. नुसतं फॉलिक तर देऊच नका. हिमोग्लोबिन वाढेल, सगळ्यांना बरं वाटेल आणि आत नसांचं नुकसान चालूच राहील.

एंडोस्कोपीचं म्हणाल तर, पर्निशियस अॅनिमियात जठराचं अस्तर झिजतं आणि बी-१२ शोषलंच जात नाही. तसं असेल तर उपचार सहसा जन्मभर. ते ओळखायला इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारं जठरातलं प्रथिन) अँटिबॉडीच्या रक्तचाचणीबद्दल आधी विचारा. कमतरता नुसत्या आहारामुळे असेल तर पुढे बी-१२च्या गोळ्यांवरही भागू शकतं. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका.

आठवड्याभराने रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) काउंट करा, तो वाढला की औषध लागू पडलं समजा. सुरुवातीला पोटॅशियम उतरू शकतं, तेही तपासून घ्या. धाप, छातीत दुखणं किंवा काळी शौच झाली तर मात्र रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.