ट्रेनर नॅटचा फायटर नॅट करायचाय : मागची सीट बुजवून भागेल का?

खोकेबहाद्दर :

कपाटावर आठ वर्षं पडून असलेलं नॅट या चिमुकल्या लढाऊ जेट विमानाचं १/४८ चं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं) प्लास्टिक मॉडेलचं किट अखेर खाली काढलं. खोक्यावर लाल विमान आहे, रेड ॲरोजवाल्यांचं (ब्रिटिश हवाई दलाचं कसरतपथक), म्हणजे दोन सीटचा ट्रेनर. मला ते लाल प्रकरण नको. मला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोंचा नॅट करायचाय. १८ नंबर स्क्वाड्रन, श्रीनगर, १४ डिसेंबर १९७१. आपल्या हवाई दलाचे नॅट सगळे एका सीटचे, तेव्हा कापाकापी अटळ आहे.

माझा बेत असा होता : मागची सीट काढायची, भोक प्लास्टिक शीटने बंद करायचं, वर पुट्टी, घासायचं, तोफांची तोंडं कोरायची, झालं. कॅनॉपीचा (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाचा) मागचा अर्धा भाग आतून रंगवून टाकावा असंही मनात आलं होतं, पण इतका निर्लज्ज मी अजून झालेलो नाही.

काल रात्री सहज म्हणून पंख मोजला आणि झोप उडाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत १५२ मिमी भरतोय. फायटरचा स्पॅन ६.७३ मीटर, भागिले ४८, म्हणजे १४० यायला हवा. किट चुकलंय की माझी पट्टी? आणि दोन्ही टोकं सहा-सहा मिमी उडवली तर चालेल का?

सरळमार्गी :

७२ स्केलमध्ये एका सीटचा नॅट तयार किट म्हणून निघालेला आहे. तो घ्या, आठवड्यात उरका. ट्रेनर लाल रंगवून शेजारी ठेवा. कशाला हा आटापिटा?

खोकेबहाद्दर :

सरळमार्गी, माझी बाकीची १९७१ ची फळी सगळी ४८ मध्ये आहे. त्यात ७२ चा नॅट ठेवला तर शेजारच्या हंटर विमानाने पिल्लू घातल्यासारखं दिसेल. तसाही तो बिचारा लहानखुराच.

दातकोरणं :

पट्टी बरोबर आहे, किटही बरोबर आहे. (तुला 'तू' म्हणतोय. माझं वय ६३, दातांचा दवाखाना अजून चालू, आणि ही शस्त्रक्रिया मी एकदा केलेली आहे. दुसऱ्यांदा करणार नाही.)

फायटर नॅट पहिल्यांदा उडाला जुलै १९५५ मध्ये, ट्रेनर ऑगस्ट १९५९ मध्ये. शिकाऊ पोरांना तो सावकाश उतरवता यावा म्हणून फॉलंडने (नॅट बनवणारी कंपनी) ट्रेनरला पंखच नवा आणि मोठा दिला. ट्रेनरचा स्पॅन ७.३२ मीटर, म्हणून तुझे १५२ मिमी. पण खरी गोम लांबीत नाही, रुंदीत आहे. फायटरच्या पंखाचं क्षेत्रफळ १२.६९ चौरस मीटर, ट्रेनरचं १६.२६. आपापल्या स्पॅनने भागून बघ. सरासरी रुंदी फायटरची १.८९ मीटर येते आणि ट्रेनरची २.२२. तुझ्या स्केलला हा सात मिमीचा फरक झाला. नुसती टोकं उडवलीस तर मोठ्या भावाचा कोट घालून बाह्या तेवढ्या कापल्यासारखं दिसेल.

शिवाय मागच्या कडेच्या रेघाही वेगळ्या. फायटरला एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या) आतल्या बाजूला आणि उतरताना तेच खाली झुकून फ्लॅपचं (सावकाश उतरायला मदत करणाऱ्या पट्ट्यांचं) काम करतात. ट्रेनरला एलेरॉन बाहेर, फ्लॅप आत, वेगवेगळे. त्या रेघा बुजवून नव्या कोरण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात नवा पंख होतो. म्हणून किटचा पंख सरळ बाजूला ठेव आणि शीटचा कर. दीड मिमीचा गाभा, वर-खाली अर्ध्या मिमीचं कातडं, पुढची कड घासून गोल, मागची धारदार. धडाच्या आरपार पितळी तार घालून दोन्ही पंख तिच्यावर बसव. तार आधीच किंचित खाली वाकव, कारण नॅटचे पंख खांद्यावरून खाली झुकलेले असतात. ते सरळ राहिले तर बाकी सगळं अचूक असूनही विमान नॅट वाटत नाही.

यात एक सुख आहे. नॅटची चाकं पंखात नाहीत, पोटात आहेत. त्यामुळे पंख अख्खा बदलला तरी लँडिंग गिअरला धक्का लागत नाही. (चाकांची झाकणं अर्धी उघडून हा पठ्ठ्या तीच एअरब्रेक म्हणून वापरायचा. असल्या काटकसरीमुळेच मला हे विमान आवडतं.)

आता धड. ट्रेनर ९.६८ मीटर, फायटर ८.७४. म्हणजे तुला १९.६ मिमी कमी करायचेत, आणि 'मागची सीट बुजवून' यातला एक मिमीसुद्धा कमी होत नाही. इनटेकची (इंजिनाला हवा घेणाऱ्या तोंडाची) कड हा खुंटा धर. तिथून नाकाच्या टोकापर्यंत एकदा आणि शेपटीपर्यंत एकदा, ड्रॉइंगवर आणि किटवर, असं मोज. वाढीव लांबीचा मोठा हिस्सा इनटेकच्या पुढेच सापडेल. म्हणजे तुझ्या बेताच्या उलट : पुढच्या सीटचा भाग कापून काढायचा आणि नाक मागे सरकवायचं. कापल्यावर दोन्ही तोंडांचा घेर जुळत नाही, पायरी पडते. आतून शीटच्या पट्ट्या लावून आधी सांधा पक्का कर आणि मगच इपॉक्सी पुट्टीला हात घाल.

माझी चूक सांगून ठेवतो. पुट्टीऐवजी दवाखान्यातलं सेल्फ-क्युअर ॲक्रिलिक वापरलं होतं, म्हटलं घरचंच आहे. त्यातलं लिक्विड पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिकच, खातं. सकाळी बघतो तर नाक मऊ पडून बसलेलं. दुसऱ्या किटचं नाक लावावं लागलं.

पण दवाखान्याचा फायदाही होतो. कॅनॉपी नवीच करावी लागेल, आणि रात्री दात खाणाऱ्यांसाठी आम्ही ज्या यंत्रावर पारदर्शक गार्ड बनवतो त्यावर ती झकास निघते. शीट तापवायची, साच्यावर खेचायची, एवढंच. ओळखीच्या दंतवैद्याला गाठ, नवा माणूस दिसला की आम्ही खूश असतो. साचा मात्र कॅनॉपीच्या मापाचा करू नकोस. शीट अर्ध्या मिमीची असेल तर साचा सगळीकडून अर्धा मिमी लहान हवा, नाहीतर झाकण धडाबाहेर लटकतं. साचा प्लास्टरचा असेल तर काचेसारखा घासून घे. त्यावरचा प्रत्येक ओरखडा कॅनॉपीत उतरतो.

तोफा : ३० मिमीच्या दोन एडन, प्रत्येक इनटेकच्या बाजूला एक. २० गेजची इंजेक्शनची सुई घे. तिचं आतलं भोक ०.६ मिमीचं असतं, गुणिले ४८ करून बघ.

खोकेबहाद्दर :

डॉक्टर, २८.८! अंगावर काटा आला. पंखाचं गणितही पुन्हा करून पाहिलं. बाह्या कापायचा बेत रद्द.

दोन शंका. शेपटीलाही हात लावायचा का? आणि रंग? मला मिळालेल्या फोटोंत काही नॅट चंदेरी आहेत, काही हिरवट. एकात तर पंखाखाली शस्त्रंच शस्त्रं लटकलेली दिसतात.

निळं_आभाळ :

शस्त्रं लटकलेला बहुतेक नॅट नसून अजीत असेल. एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) नॅटवरून पुढे केलेलं विमान, पहिलं उड्डाण १९७५. त्यात इंधन पंखाच्या आतच भरायची सोय केली, त्यामुळे पंखाखालच्या जागा शस्त्रांना मोकळ्या झाल्या. १९७१ च्या विमानासाठी तो फोटो पंखाखाली काय लावायचं यासाठी निरुपयोगी. पंखाचा आकार बघायला मात्र चालेल, कारण अजीतचाही स्पॅन ६.७३ च आहे. लांबीसाठी त्याच्याकडे बघू नका, तो फायटर नॅटपेक्षा लांब आहे.

चंदेरी विमानं १९६५ च्या युद्धाच्या सुरुवातीची. ३ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलेला आपला आयई १०८३ क्रमांकाचा नॅट आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. सेखोंचं विमान करायचं तर १९७१ चं कॅमोफ्लाज हवं. इथे एक पथ्य पाळा : चौकात नाहीतर संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानावरून रंग उचलू नका. उन्हापावसात उभ्या विमानांना कितीदा नवा रंग फासलेला असतो, आणि फासणारा हाताशी असलेला डबा उघडतो. युद्धकाळातला फोटो मिळाला तर उत्तम. तो कृष्णधवल असला तरी पट्टे कुठून कुठे वळतात ते कळतं.

राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह) लावताना केशरी बाहेर, हिरवा आत. हसू नका, मी एकदा उलटं लावलं होतं आणि ते चार महिन्यांनी भाच्याच्या लक्षात आलं.

दातकोरणं :

शेपटी : हो. ट्रेनरचा उभा आणि आडवा, दोन्ही पृष्ठभाग मोठे केलेले आहेत. पण पंखाएवढं काम नाही, ड्रॉइंग वर ठेवून कडा उतरव. अगदीच कंटाळा आला तर उभ्या शेपटीत एखादा मिमी माफ. पंखाला माफी नाही.

आणि नाक चिकटवण्याआधी वजन भर. नाक आखूड झालं की शिसं पोटातल्या मुख्य चाकांच्या जवळ येतं आणि तेवढंच वजन आता कमी पडतं. माझं मॉडेल पहिल्या दिवशी शेपटीवर बसलं होतं.

खोकेबहाद्दर :

रविवारचा अहवाल. इनटेकपासून मोजलं, डॉक्टर म्हणाले तसंच निघालं, जास्तीचा भाग पुढेच. दीर्घ श्वास घेऊन करवत चालवली. दोन काप, मधला तुकडा बाहेर. नाक मागे लावून मोजलं तर एकूण १८०.५ मिमी. हवेत १८२. दीड मिमी कुठे गेला?

दातकोरणं :

भुशात. करवतीची जाडी धरली नाहीस. रेघेच्या आत कापायचं आणि उरलेलं घासून रेघेपर्यंत यायचं. दात कापताना हीच चूक केली तर पेशंट परत येत नाही. अर्ध्या मिमीच्या शीटचे तीन थर सांध्यात घाल, बाहेरून घास, दिसणारही नाही. कापलेला तुकडा टाकू नकोस, पुट्टी आणि रंग आधी त्याच्यावर लावून बघ.

खोकेबहाद्दर :

दोन थर बसलेत, तिसरा सुकतोय. तुकड्यावर हिरव्याच्या तीन छटा लावून खिडकीत ठेवलाय.

सरळमार्गी :

ते ७२ चं किट मीच मागवलं शेवटी. त्यालाही कॅमोफ्लाजच करतो. तुमचे पट्टे नक्की झाले की इथे टाका.