मदत हवी आहे : लेकीला अमेरिकेत किती दिवस आधी पाठवावं?

नमस्कार. आम्ही उदगीरचे. माझी लेक एमएस करायला डॅलसजवळच्या विद्यापीठात चालली आहे. व्हिसा झालाय, हैदराबादहून तिकीट तेवढं काढायचं राहिलंय आणि तिथंच सगळं अडलंय.

आय-२०वर (विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेलं प्रवेशाचं पत्र) कोर्सची तारीख २४ ऑगस्ट आहे. त्याच्या ३० दिवस आधीपर्यंत अमेरिकेत उतरता येतं, म्हणजे २५ जुलैपासून कधीही. ओरिएंटेशन, म्हणजे नव्या मुलांना माहिती द्यायचा कार्यक्रम, २४ला, वर्ग ३१ला. सासूबाई म्हणतात, १७ला पंचमी आहे, पोरीला झोका खेळून जाऊ द्या, पुन्हा कधी येईल कोण जाणे. ह्यांना वाटतं, आधी जाऊन रिकामं बसण्यात पैसे कशाला घालवायचे?

पोरगी हुशार आहे, पण लातूरचं हॉस्टेल सोडलं तर एकटी कुठं राहिलेली नाही. तिथंही मेस होती. आता रोज संध्याकाळी स्वयंपाक शिकते. काल वरणात पाणी जास्त पडलं तर गॅस मोठा करून आटवत उभी होती. ते जमेल तिला. मला घोर लागलाय पहिल्या दिवसांचा. झोप नाही, गाव परकं, तिथल्या लोकांचं बोलणं पटकन कळायचं नाही, आणि त्यात वर्ग सुरू झाले तर कसं व्हायचं?

रूम आणखी तीन मुलींबरोबर घेतली आहे, लीज १५ ऑगस्टपासून. ज्यांची मुलं गेली आहेत त्यांनी कृपया सांगा, किती दिवस आधी जावं आणि तेवढ्यात काय काय उरकावं?

प्रतिसाद
काकू, मी परभणीची, इथंच शिकते. लीजच्या आधी नको, हॉटेलात पैसे जातील. पण १५-१६ला पोचू द्या. घड्याळात साडेदहा तासांचा फरक आहे आणि शरीर दिवसाला साधारण तासभरच सरकतं. वर्गापर्यंतचे दिवस त्यातच जातात. दुपारी झोपायचं नाही, सकाळी उन्हात फिरायचं.

बँकेत खातं पासपोर्ट आणि आय-२० दाखवून उघडता येतं. सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) कॅम्पसवर नोकरी लागल्यावरच मिळतो, त्यासाठी आता धावपळ नको. वीज मात्र बऱ्याच घरांत भाडेकरूनं स्वतःच्या नावावर घ्यायची असते. कोणाच्या नावावर घ्यायची ते मुलींनी आत्ताच ठरवावं, नाहीतर इथल्या ऑगस्टात एसीविना रात्र काढावी लागेल. आणि टेक्सासात २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना मेनिन्जायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा आजार) लस लागते, सत्राच्या किमान १० दिवस आधी घेतलेली. ती तिकडूनच घेऊन येऊ द्या.

उत्तर
बाळा, फार उपकार झाले. ती २१ची आहे आणि लसीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंची समजूत मी घालते. एक सांग, १५ला शनिवार आहे, घराची किल्ली मिळेल का?

प्रतिसाद
शनिवारी अपार्टमेंटची बरीच ऑफिसं थोडाच वेळ उघडी असतात, रविवारी बंद. आधी ईमेल करून वेळ लेखी मागून घ्या, मगच तिकीट काढा.